विशेष शिक्षकांचे ऑनलाईन प्रशिक्षण: हाताने करायचे काम पडद्यावरून कसे शिकवावे?

सातपुडा_समावेशित यांचा प्रश्न

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर नेहमीच्या शाळेत शिकवण्याचे, काम पाहते. आमच्या नऊ विशेष शिक्षकांसाठी बारा आठवड्यांचे ऑनलाईन प्रशिक्षण आखण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे, आणि त्याबाबत येथील अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. प्रशिक्षण ऑनलाईन घेण्याचे कारण सरळ आहे. अक्राणी तालुक्यातील शिक्षकाला नंदुरबारला एका दिवसाच्या बैठकीसाठी बोलावले, तर आदला आणि नंतरचा असे आणखी दोन दिवस प्रवासात आणि त्याच्या शिणात जातात, आणि ते दिवस मुलांच्या वाट्याचे असतात. शिवाय दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात, त्यामुळे जून ते ऑक्टोबर हाच आमच्या कामाचा खरा काळ असतो. तो बैठकांत घालवणे मला पटत नाही.

माझी अडचण मात्र वेगळी आहे. गेल्या वर्षी एका संस्थेने आमच्या शिक्षकांसाठी पाच दिवसांचे ऑनलाईन प्रशिक्षण घेतले. रोज सहा तास व्याख्याने होती. व्याख्याते जाणकार होते आणि मांडणीही चांगली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात कोणत्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांपेक्षा त्यात काय वाढले, हे सर्वांना नीट समजले. शेवटच्या चाचणीत सगळे उत्तीर्ण झाले. पुढच्याच आठवड्यात मी त्यांपैकी एका शिक्षिकेबरोबर शाळाभेटीला गेले. तिच्यासमोर बौद्धिक अक्षमता असलेली नऊ वर्षांची मुलगी बसली होती. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात ‘रंग ओळखेल’ असे उद्दिष्ट लिहिलेले होते. शिक्षिकेने लाल चेंडू उचलून विचारले, “हा लाल आहे ना?” मुलीने मान डोलावली. मग पिवळा चेंडू उचलून “हा पिवळा ना?” असे विचारले, मुलीने पुन्हा मान डोलावली, आणि नोंदवहीत ‘साध्य’ अशी नोंद झाली. ही शिक्षिका मनापासून काम करणारी आहे, पावसाळ्यात ओढा ओलांडून मुलांच्या घरी जाते. आदल्या आठवड्यातील चाचणीत तिला उत्तम गुण होते.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. प्रशिक्षणाचा कोणता भाग ऑनलाईन ठेवावा आणि कोणता कधीही ठेवू नये? शिक्षकाचे प्रत्यक्ष शिकवणे दुरून पाहून त्याला सुधारणा सुचवण्याची एखादी पद्धत कोणी वापरली आहे का? आणि आमच्याकडे अनेक गावांत मोबाईलला रेंज नसते, टेकडीवर ठरावीक जागी जाऊन संदेश पाठवावे लागतात, अशा ठिकाणी हे कसे जमवावे?

निवृत्त_प्रशिक्षक_पुणे यांचे उत्तर

ताई, आपण सांगितलेला चेंडूंचा प्रसंग मी अनेक वर्गांत अनेक रूपांत पाहिला आहे. मी २६ वर्षे विशेष शिक्षणाच्या पदविका अभ्यासक्रमाला शिकवले आणि त्यातील शेवटची काही वर्षे, २०२० च्या टाळेबंदीपासून, आमचे सराव पाठ नाइलाजाने मोबाईलवर आले. त्या काळात आमचे बरेच नुकसान झाले. पण एक गोष्ट हाती लागली, ती आपल्या उपयोगाची आहे.

आम्ही थेट व्याख्याने जवळजवळ बंद केली आणि प्रत्येक शिक्षकाकडून दर आठवड्याला स्वतःच्या पाठाची दोन मिनिटांची चित्रफीत मागवू लागलो. दोनच मिनिटे, आणि त्यात शिक्षकाचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, पण त्याचे हात, मुलाचे हात आणि साहित्य दिसलेच पाहिजे, असा नियम केला. सुरुवातीला बहुतेकांनी मोबाईल समोर उभा करून स्वतः भाषण करतानाच्या चित्रफिती पाठवल्या. मोबाईल कुठे ठेवायचा हे शिकवण्यातच पहिला आठवडा गेला: टेबलाच्या कडेला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, थोडा तिरपा.

एका शिक्षिकेची चित्रफीत मला अजून आठवते. ती एका मुलाला शर्टाचे बटण लावायला शिकवत होती. तिने पूर्ण कृतीचे टप्पे कागदावर बरोबर लिहून आणले होते: काजाची कड एका हाताने धरणे, बटण काजाच्या तोंडाशी आणणे, अर्धे आत सारणे, दुसऱ्या बाजूने पकडून ओढणे. साखळीपद्धत शेवटच्या टप्प्यापासून सुरू करायची, म्हणजे पहिले तीन टप्पे शिक्षकाने करायचे आणि ओढण्याचा शेवटचा टप्पा मुलासाठी सोडायचा, हेही तिला ठाऊक होते. चित्रफितीत मात्र असे दिसले की बटण अर्धे आत गेल्यावर ती “ओढ” म्हणायची आणि त्याच क्षणी तिचा स्वतःचा अंगठा ते बटण ओढून मोकळा व्हायचा. मुलाचा हात तिथे पोहोचायचा तेव्हा काम झालेले असायचे. तिला स्वतःला याची कल्पनाच नव्हती. आम्ही ते सहा सेकंद चार वेळा सावकाश गतीने पाहिले, आणि तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, “सर, बटण तर मीच लावतेय.” हे मी वर्गात तिच्याशेजारी उभा राहून सांगितले असते, तर तिने मान्य केले असते, पण तिला ते दिसले नसते. ऑनलाईन पद्धतीचा मला जाणवलेला खरा फायदा हाच आहे की पाठ थांबवून पुन्हा पाहता येतो.

असेच प्रतीक्षेचे. प्रश्न विचारल्यावर आपले बहुतेक शिक्षक एक-दोन सेकंदांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, त्यामुळे ज्या मुलाला ऐकलेले समजून घ्यायलाच वेळ लागतो त्याच्यापुढे दर वेळी नवा प्रश्न येऊन पडतो. आम्ही चित्रफीत पाहताना घड्याळ लावून हा वेळ मोजायचो आणि पुढच्या आठवड्यासाठी एकच काम द्यायचो: विचारल्यानंतर मनात पाचपर्यंत मोजायचे. एका आठवड्याला एकच सुधारणा, हे कृपया पाळावे. एका चित्रफितीत दहा चुका दाखवल्या की शिक्षक पुढची चित्रफीत पाठवत नाही.

आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत मूळ अडचण उद्दिष्टाच्या भाषेत आहे. ‘रंग ओळखेल’ हे पाहता येत नाही, मोजताही येत नाही. ‘लाल, पिवळा व निळा असे तीन ठोकळे समोर ठेवून “लाल दे” म्हटल्यावर पाचपैकी चार वेळा लाल ठोकळा उचलून देईल’ असे लिहिले असते, तर “हा लाल आहे ना?” हा प्रश्न तिच्या तोंडून आलाच नसता, कारण अशा प्रश्नात उत्तर आधीच देऊन झालेले असते. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली एफएसीपी ही मुलाला काय येते ते नोंदवण्याची तपासणीसूची किंवा १८ क्षेत्रांत प्रत्येकी २० अशी ३६० वर्तने क्रमाने मांडणारी एमडीपीएस, यांपैकी जी आपल्याकडे वापरात असेल ती एकाच मुलासाठी प्रत्येक शिक्षकाने पूर्ण भरावी आणि प्रशिक्षणाचे बारा आठवडे त्याच मुलाभोवती फिरावेत. नऊ शिक्षक, नऊ मुले. विषयांची यादी पूर्ण करण्याच्या मागे लागू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

रेंजच्या प्रश्नावर: थेट सत्र पंधरा दिवसांतून एकदाच ठेवा, तेही ४५ मिनिटांचे. बाकी सर्व साहित्य शिक्षक गट साधन केंद्रात येतील तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये भरून द्यावे आणि चित्रफिती त्यांनी टेकडीवर जातील तेव्हा पाठवाव्यात. अभिप्राय ध्वनिमुद्रित करून पाठवला तर तो कमी रेंजमध्येही पोहोचतो, आणि शिक्षक तो दोन-तीन वेळा ऐकतात.

ब्रेल_मराठवाडा यांचे उत्तर

मी दृष्टिबाधित मुलांना शिकवतो आणि मी स्वतः दृष्टिहीन आहे. वरील सरांच्या पद्धतीशी मी सहमत आहे, परंतु दोन गोष्टी जोडू इच्छितो.

पहिली, प्रशिक्षण घेणाऱ्यांमध्ये माझ्यासारखे शिक्षक असू शकतात हे कृपया गृहीत धरावे. मी ज्या ऑनलाईन प्रशिक्षणांना बसलो, त्यांतील बहुतेकांत व्याख्याते पडद्याकडे हात करून “येथे दाखवल्याप्रमाणे” असे म्हणत पुढे जात, आणि नंतर पाठवलेली पुस्तिका ही छापील पानांची छायाचित्रे असे, जी माझा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, वाचू शकत नाही. दिव्यांग मुलांसाठीचे प्रशिक्षण दिव्यांग शिक्षकालाच वापरता येत नसेल, तर त्याचे दुःख होते. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर आणि पडद्यावरील प्रत्येक चित्राचे तोंडी वर्णन एवढे झाले, तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट ब्रेलची. भारती ब्रेलचे, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीचे, नियम ऑनलाईन उत्तम शिकवता येतात आणि डोळस शिक्षकांना त्यांतील खाचाखोचा समजावणे फार गरजेचे असते. छापील मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे क च्या नंतर येते. उलट हलन्ताची खूण अक्षराच्या आधी द्यावी लागते, त्यामुळे ‘क्या’ लिहिताना प्रथम हलन्त, मग क, मग य आणि शेवटी काना. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. ही माहिती सांगून आणि स्वाध्याय देऊन पक्की करता येते. परंतु ब्रेल पाटीवर टोच्याने ठिपके टोचून लिहिणे ही हाताची गोष्ट आहे. कागदाच्या मागून टोचायचे असल्यामुळे आपण उजवीकडून डावीकडे लिहितो आणि प्रत्येक अक्षर उलटे टोचतो. कागद पलटल्यावर ते डावीकडून उजवीकडे वाचले जाते. टोच्याचा दाब कमी पडला तर ठिपका बोटाला लागत नाही, जास्त झाला तर कागद फाटतो. हा दाब कॅमेऱ्यात दिसत नाही. म्हणून मी माझ्या गटातील शिक्षकांकडून दर पंधरा दिवसांनी टोचलेले कागद टपालाने मागवतो, बोटाने वाचतो आणि फोनवर सांगतो की तिसऱ्या ओळीत आपला पाचवा ठिपका दर वेळी फिका पडतो आहे. आपल्या नऊ जणांत दृष्टिबाधित मुले कोणाकडे असतील, तर त्यांचे कागद मी आनंदाने वाचेन.

थेरपिस्ट_नाशिक यांचे उत्तर

कोणता भाग कधीही ऑनलाईन ठेवू नये, या प्रश्नाला उत्तर देते, कारण त्यात मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे, असलेल्या मुलाला उचलणे, खुर्चीत बसवणे आणि भरवणे हे प्रत्यक्षच शिकवावे. भरवण्याचे उदाहरण घ्या. मान मागे टाकून तोंडात घास सोडला की तो लवकर उतरतो असे पाहणाऱ्याला वाटते, आणि अनेक घरांत तसेच भरवतात. पण त्या स्थितीत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. मूल शक्यतो ताठ बसलेले, मान सरळ, हनुवटी किंचित खाली आणि भरवणारी व्यक्ती मुलाच्या समोर त्याच्याच उंचीवर, हे चित्रफितीत दाखवता येईल. परंतु त्या विशिष्ट मुलाच्या जबड्याला आधार किती द्यायचा, त्याचे अंग ताठरले तर काय करायचे, हे शिक्षकाच्या हातावर हात ठेवूनच सांगावे लागते, आणि प्रत्येक मुलागणिक ते वेगळे असते. वर्षात दोनच दिवस शिक्षकांना एकत्र बोलावता येणार असेल, तर ते दोन दिवस यासाठी ठेवावेत, आणि मुले व त्यांच्या आयाही तेथे असाव्यात.

याउलट आकडीची, म्हणजे फिट येण्याची, प्रथमोपचार माहिती ऑनलाईन जरूर द्यावी आणि शाळेतील सर्व शिक्षकांना, मदतनिसांनाही द्यावी. अजूनही कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, दातांत चमचा घातला जातो, हातपाय दाबून धरले जातात. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकली तर दवाखान्यात न्यावे. एवढे पाच मिनिटांच्या चित्रफितीत बसते.

पालक_स्वमग्नता यांचे उत्तर

मी शिक्षिका नाही, स्वमग्न मुलाची आई आहे. चित्रफितींची कल्पना मला चांगली वाटते, पण एक विनंती आहे. माझ्या मुलाची एक चित्रफीत त्याच्या पूर्वीच्या शाळेतून प्रशिक्षणासाठी म्हणून गेली आणि काही महिन्यांनी ती मला एका अनोळखी व्हॉट्सॲप समूहात दिसली. त्यात तो कान दाबून रडत होता. कोणाचा वाईट हेतू नव्हता हे मला समजते, तरीही त्या दिवशी मला जे वाटले ते मी विसरू शकत नाही.

पालकांची संमती घेताना नुसती सही घेऊ नये. चित्रफीत कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार हे त्यांच्या भाषेत समजावून सांगावे, आणि नको म्हणाले तर मुलाच्या शिकण्यात काही फरक पडणार नाही हेही सांगावे. केवळ हात दिसतील असे चित्रण करण्याची पुण्याच्या सरांची सूचना मला त्या दृष्टीनेही फार मोलाची वाटली. मूल रडत असेल, तर त्या वेळी मोबाईल बंद करावा.

गटसाधन_विषयतज्ज्ञ यांचे उत्तर

काही व्यावहारिक मुद्दे. भारतीय पुनर्वास परिषदेकडील, म्हणजे आरसीआयकडील, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १०० सीआरई गुण, म्हणजे नोंदणीनंतरही शिकत राहिल्याबद्दल मिळणारे गुण, लागतात. ते परिषदेने आधी मंजूर केलेल्या कार्यक्रमांनाच मिळतात, तेव्हा आपण स्वतः आखलेल्या बारा आठवड्यांना गुण मिळतील असे शिक्षकांना आधी सांगू नये, नंतर मने दुखावतात. गुणांसाठी ते मंजूर वेबिनार स्वतंत्रपणे करतील. माझे स्पष्ट मत आहे की या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्याच बऱ्या, कारण गुणांसाठी लावलेला वेबिनार अनेकदा मोबाईल बाजूला ठेवून इतर कामे करताना संपतो.

सामान्य शिक्षकांनाही या आखणीत घ्यावे. दीक्षा या सरकारी ऑनलाईन मंचावरील निष्ठा या शिक्षक प्रशिक्षणातून समावेशित शिक्षणाची तोंडओळख त्यांना झालेली असते, परंतु मुलांमधील संभाव्य दिव्यांगत्व हेरण्यासाठीच्या एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या तपासणीसूचीचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो आणि त्यानंतरच पुढचा भाग विशेष शिक्षकाकडे येतो. पहिला भाग चुकला, तर पुढचे सगळेच चुकते. आपल्या भागात तर याला आणखी एक पदर आहे. घरी पावरी किंवा भिली बोलणारे मूल दुसरीत मराठी वाचू शकत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे अध्ययन अक्षमतेची खूण पडते. अशा मुलाला त्याच्याच भाषेत एक चित्र दाखवून गोष्ट सांगायला सांगावी, तीन पायऱ्यांची सूचना त्याच्या भाषेत द्यावी. ते तो सहज करत असेल, तर त्याला आधी मराठी शिकवण्याची गरज आहे. अक्षमतेचा विचार नंतर करता येईल. यासाठी त्या भाषा बोलणारे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका आपल्या थेट सत्रात असणे मला आवश्यक वाटते. शिवाय ही तपासणी म्हणजे निदान नव्हे, हे प्रत्येक सत्रात सांगावे.

कर्णबधिर मुले असतील तर भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय केंद्राचा शब्दकोश उपयोगी पडेल. त्याच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्दांच्या खुणा चित्रफितींच्या रूपात आहेत. पण थेट सत्रात खुणा शिकवू नयेत. कमी रेंजमध्ये चित्र अडखळते आणि खुणेचा अर्धा अर्थ हाताच्या गतीत व चेहऱ्यावर असतो, तो हरवतो.

सातपुडा_समावेशित यांचे पुन्हा लेखन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी आखणी बदलली आहे. बारा आठवड्यांत सहा थेट सत्रे होतील, प्रत्येक शिक्षक एकच मूल निवडेल, आणि पोळ्याच्या आसपास दोन दिवस सर्वांना मुले व पालकांसह अक्राणी तालुक्यातील धडगावला बोलावण्याची परवानगी मी मागितली आहे. नाशिकच्या ताईंनी त्या दोन दिवसांसाठी काय साहित्य लागेल ते कळवल्यास मी आतापासून जमवीन. मराठवाड्याच्या सरांना स्वतंत्र निरोप पाठवला आहे. आमच्याकडे तीन दृष्टिबाधित मुले आहेत आणि दोन शिक्षक ब्रेल नव्याने शिकत आहेत.

या आठवड्यात मी त्या शिक्षिकेकडे पुन्हा गेले होते. आम्ही दोघींनी उद्दिष्ट नव्याने लिहिले आणि तीन ठोकळे ठेवून पाहिले. मुलीने पाचपैकी दोन वेळा लाल ठोकळा दिला. शिक्षिका थोडा वेळ गप्प बसली, मग तिने नोंदवहीतील ‘साध्य’ खोडून तिथे २/५ लिहिले आणि तारीख घातली. पहिली चित्रफीत ती याच पाठाची करणार आहे.

पालकांच्या संमतीबाबत जे लिहिले गेले ते वाचून मी आमचा छापील नमुना बाजूला ठेवला. आता संमतीचा मजकूर पावरीत ध्वनिमुद्रित करून घरी ऐकवण्याचा विचार आहे, कारण अनेक आयांना वाचता येत नाही. चित्रफिती किती दिवस ठेवाव्यात याबद्दल पुण्याच्या सरांचे मत हवे आहे. मी बारा आठवडे संपले की सर्व पुसायच्या असे ठरवले आहे, पण शिक्षकाला स्वतःचा पहिला आणि शेवटचा पाठ शेजारी ठेवून पाहता यावा, म्हणून त्या दोन जपाव्यात का, आणि जपायच्या तर त्या कोणाच्या मोबाईलमध्ये ठेवाव्यात?